वाचकांचे प्रश्न: वायकिंग बायका, तलवार आणि जमिनीचा वाटा

गेल्या अंकात नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या वायकिंग जहाजाबद्दल एक छोटं टिपण दिलं होतं (वायकिंग म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकातले नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्ककडचे दर्यावर्दी लोक). 1904 साली शेतातल्या एका टेकाडाखालून उकरून काढलेलं ओकच्या लाकडाचं जवळजवळ साडेएकवीस मीटर लांब जहाज, 834 साली पुरलेलं, आणि आत राजा वगैरे कुणी नाही तर दोन बायका, एक सत्तरी पार केलेली आणि दुसरी पन्नाशीच्या आसपासची, सोबत गाडी, स्लेज, माग, रेशमी कापडाचे तुकडे, घोडे. त्यावर एवढे प्रश्न आले की नेहमीचे बाकीचे विषय या वेळी बाजूला ठेवलेत. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, पण ज्यांचं उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं ती घेतली आहेत.

ताई, माझं आणि दादाचं रोज भांडण होतं. तो म्हणतो सिरीजमध्ये ढाल-तलवार घेतलेल्या वायकिंग बायका दाखवतात ते सगळं आत्ताचं फॅड आहे, तेव्हा असलं काही नव्हतं. मी म्हणते थडगं सापडलंय आणि डीएनए टेस्ट पण झालीय. कोण बरोबर?
अकरावीतली विद्यार्थिनी, कळवा

तू ज्या थडग्याबद्दल बोलतेयस ते स्वीडनमधल्या बिर्का गावचं. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन नावाचं मोठं सरोवर आहे, त्यातल्या एका बेटावर हे व्यापारी गाव होतं. 1878 मध्ये याल्मार स्टोल्पे यांनी तिथं एक थडगं उघडलं, आता त्याला बीजे 581 म्हणतात. जमिनीखाली लाकडी खोली, त्यात एक माणूस, आणि बाजूला तलवार, कुऱ्हाड, भाले, लढाईचा सुरा, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, पायाशी दोन घोडे, एक घोडी एक घोडा. आणि एका पटावरच्या खेळाच्या सोंगट्या, अख्खा संच. इतकी हत्यारं म्हणजे पुरुषच, हे कुणी सिद्ध वगैरे केलं नाही, ते धरूनच चालले, आणि शंभरेक वर्षं ते थडगं पुस्तकांमधून वायकिंग योद्ध्याचा नमुना म्हणून छापलं जात राहिलं. 1970 च्या दशकात हाडं बघणाऱ्यांना हा सांगाडा बाईचा वाटला होता पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 2017 मध्ये शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉनसन आणि त्यांच्या टीमने डीएनए काढला, त्यात वाय क्रोमोझोम नव्हता. बाई होती, वयाने तिशी ओलांडलेली.

आता यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगते. रिपोर्ट आल्या आल्या प्रश्न सुरू झाले, हाडांचे डबे बदलले असतील, अजून एखादा पुरुष त्यात असेल, हत्यारं नवऱ्याची किंवा वडिलांची असतील, अंगावर जखमेची खूण नाही मग लढली कशावरून. टीमने 2019 मध्ये परत पेपर लिहून उत्तरं दिली, की हाडांवर स्टोल्पेंच्या काळातच शाईने थडग्याचा नंबर टाकलेला आहे, दुसऱ्या माणसाची हाडं मिळालेली नाहीत. जखमेचं म्हणशील तर हत्यारांसोबत पुरलेल्या कितीतरी पुरुषांच्या हाडांवर पण जखमा नसतात आणि त्यांना कुणी विचारत नाही की बाबा तू खरंच लढलास का. माझं स्वतःचं म्हणणं हेच आहे, पुरावा तपासायची फूटपट्टी दोघांना एकच लावा. तलवार शेजारी ठेवली म्हणून पुरुष योद्धा ठरत असेल तर बाई पण ठरते, आणि बाईच्या बाबतीत तलवार नुसती मानाची असू शकते तर पुरुषाच्याही बाबतीत असू शकते. ज्युडिथ जेश यांच्यासारख्या अभ्यासकांनी सावध राहा असं सांगितलं तेही ऐकायला हवं, एका थडग्यावरून अख्खी फौज उभी करता येत नाही.

म्हणजे दादाचंही थोडं बरोबर आहे का? आहे. नॉर्वेत सोलोर भागात 1900 साली एका तरुण मुलीचं थडगं मिळालं त्यात तलवार, कुऱ्हाड, बाण, ढालीच्या मधोमध बसवायची लोखंडी वाटी, आणि घोड्याचा सांगाडा होता. बायझंटाइन इतिहासकार स्किलिट्झेस लिहितो की 971 मध्ये बल्गेरियात रूस लोकांशी (म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या वायकिंगांशी) लढाई झाली त्यानंतर मेलेल्यांच्या अंगावरच्या वस्तू काढताना पुरुषी कपडे घातलेल्या बायका सापडल्या. डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो लागेर्था नावाच्या लढणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो, पण तो 1200 च्या सुमारास लिहितोय, म्हणजे ज्या काळाबद्दल सांगतो त्याच्या कितीतरी नंतर, आणि त्याला रंगवून सांगायची हौस होती. हे सगळं एकत्र केलं तरी ठिकठिकाणी एखादी असंच चित्र दिसतं. आपल्याकडे ताराबाईंनी 1700 पासून सात वर्षं औरंगजेबाविरुद्धची लढाई चालवली हा इतिहास आहे, त्यावरून तेव्हा प्रत्येक घरातली बाई घोड्यावर बसत होती असं आपण म्हणत नाही, आणि म्हणत नाही म्हणून ताराबाई खोट्या ठरत नाहीत. दादाला हे वाचून दाखव.

आम्ही आगरी, ऐरोलीचे. शेती गेली तेव्हा मोबदल्याच्या कागदांवर माझ्या तिन्ही आत्यांनी हक्कसोड केली, कुणी त्यांना नीट विचारलं पण नाही. गेल्या अंकात वाचलं की वायकिंग बायकांना फार मान होता. मग जमिनीत वाटा होता का त्यांना?
एक वाचक, ऐरोली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मान वेगळा आणि सातबाऱ्यावर नाव वेगळं, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय.

सरळ उत्तर असं की वाटा होता पण रांगेत मागे. आइसलँडचे जुने कायदे ग्रागास नावाने लिहून ठेवलेत, लिखाण 12 व्या 13 व्या शतकातलं आहे पण त्यात जुना रिवाज बराच शिल्लक आहे. त्यात आईबापाचं आधी मुलाला, मुलगा नसेल तर मुलीला. म्हणजे भाऊ असला की बहिणीला जमीन मिळत नसे, तिचा हिस्सा लग्नात दिला असं धरायचे. (हे वाक्य तुम्ही घरीही ऐकलं असेल.) पुढे 1274 मध्ये नॉर्वेचा राजा माग्नुसने नवा कायदा आणला त्यात भाऊ असतानाही मुलीला भावाच्या निम्मा वाटा मिळायला लागला, पण तोपर्यंत वायकिंग काळ संपून दोनशे वर्षं झाली होती. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क 1994 मध्ये आला आणि देशभर 2005 मध्ये, तरी हक्कसोड चालूच आहे, ते तुम्ही सांगितलंच.

पण एक गोष्ट तिथं वेगळी होती. लग्नात मुलीला माहेरून जे मिळायचं ते, आणि नवऱ्याकडून जे कबूल व्हायचं ते, दोन्ही तिचं धरलं जायचं, नवरा ते सांभाळायचा पण मालकी तिची. आपल्या स्त्रीधनासारखंच. आणि संसार मोडला तर ती ते घेऊन निघायची. आइसलँडच्या लाक्स्डेला सागामध्ये (सागा म्हणजे तिकडच्या घराण्यांच्या लांबलचक जुन्या गोष्टी) गुडरुनची गोष्ट आहे, नवऱ्याने थोबाडीत मारली, तिने त्याला मुद्दाम खोल गळ्याचा सदरा शिवून घातला, आणि पुरुषाने बायकी कपडा घातला या कारणावर घटस्फोट जाहीर केला आणि अर्धी मालमत्ता घेऊन निघाली. सागा लिहिल्या गेल्या 13 व्या शतकात, म्हणून शब्दन् शब्द खरा धरू नका, पण साक्षीदारांसमोर बोलून बायको वेगळी होऊ शकते हे ऐकणाऱ्यांना नवल वाटत नव्हतं एवढं नक्की दिसतं. बाहेरच्या माणसाचा पुरावाही आहे, अंदलूसचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा प्रवासी अत्-तर्तूशी 10 व्या शतकात हेडेबी बंदरात गेला होता, तो नोंदवतो की इथं काडीमोड घ्यायचा हक्क बायकांकडे आहे, वाटेल तेव्हा वेगळ्या होतात. त्याला ते लक्षात ठेवण्यासारखं वाटलं.

जमिनीवर नाव असलेल्या बाईचं उदाहरण हवं असेल तर स्टॉकहोमजवळ हिलर्शोला खडकावर कोरलेला 11 व्या शतकातला लेख बघा. गेर्लोग नावाच्या बाईचा नवरा बुडून मेला, मग मुलगा गेला. दुसऱ्या लग्नातून मुलं झाली, त्यातली एक मुलगी इंगा तेवढी जगली. इंगाचं लग्न झालं, तिचा नवरा गेला मग मुलगा गेला, मुलाची मालमत्ता इंगाकडे आली. इंगाने परत लग्न केलं, मग ती पण वारली, आणि सगळं तिच्या आईकडे, गेर्लोगकडे आलं. हे सगळं कोण कुणाचा वारस या क्रमाने खडकावर कोरलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून. मला हा लेख बिर्काच्या तलवारीपेक्षा मोठा वाटतो. किती मरणं आहेत त्यात, आणि तरी शेवटी एका म्हातारीने उभं राहून सांगितलंय की हे माझं आहे आणि ते कसं माझ्याकडे आलं ते बघून घ्या.

आणि सागांमधली ऑड नावाची बाई. नवरा डब्लिनचा राजा, तो गेला, मुलगा थोरस्टाइन स्कॉटलंडमध्ये मारला गेला, मग तिने केथनेसच्या जंगलात गुपचूप जहाज बांधून घेतलं आणि नातवंडं, माणसं, गुलाम सगळ्यांना घेऊन ओर्कनी, फारो करत आइसलँडला आली, मोठा प्रदेश ताब्यात घेतला, आणि आपल्या माणसांना, सोडवलेल्या गुलामांना त्यातून जमिनी वाटल्या. जमीन वाटणारी बाई, घेणारी नाही. विधवा असणं हीच तिथं बाईची सगळ्यात मोकळी अवस्था होती, बाप नाही नवरा नाही, व्यवहार स्वतःचे स्वतः.

आत्यांचं म्हणाल तर सही झाली म्हणजे विषय कायमचा मिटला असं घरच्यांच्या सांगण्यावरून धरू नका, कागद कधीचे आहेत, रजिस्टर झालेत का, त्यांना वाचून दाखवले होते का हे घेऊन एकदा वकिलाकडे जा. त्यांना सोबत घेऊन जा.

मॅडम, मी वर्तकनगरला राहतो, लोकरीच्या गिरणीत माझी नोकरी झाली, आता रिटायर आहे. जहाजात माग सापडला हे वाचून बरं वाटलं. या लोकांची शिडं कशाची होती? कॅनव्हास तर तेव्हा नसणार.
एक वाचक, ठाणे

काका, तुम्ही विचारलंत म्हणून फार आनंद झाला कारण लढाईचेच प्रश्न जास्त येतात. शिडं बहुतेक लोकरीची. तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांना दोन थर असतात, वरचे लांब राठ केस आणि आतली मऊ लोकर. वरच्या लांब केसांचा घट्ट पिळाचा मजबूत धागा ताण्याला लावायचे आणि मऊ लोकरीचा सैल धागा बाण्याला, म्हणजे तो फुलून फटी बुजवतो. विणून झाल्यावर चरबी, डांबर असं काही चोळून कापड वारा धरेल असं करायचे. तुमच्या लक्षात येईलच की चरखा नव्हता, सगळं सूत टकळीवर, आणि माग उभा भिंतीला टेकवलेला, ताण्याच्या धाग्यांना खाली दगडाची किंवा मातीची वजनं बांधलेली. विणणारी उभी राहून, चालत चालत विणायची.

एका मोठ्या जहाजाला शंभरेक चौरस मीटर शीड लागायचं. त्यासाठी लोकर गोळा करणं, विंचरणं, कातणं, विणणं यात कित्येक बायकांची वर्षं जायची, डेन्मार्कमध्ये रोस्किल्डला जुन्या पद्धतीने शिडं बनवून बघितली तेव्हा सगळ्यांना कळलं की जहाज बांधण्याइतकंच, काही वेळा त्याहून जास्त काम शिडात होतं. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर 793 मध्ये वायकिंगांची धाड पडली त्याच्या आधी कितीतरी हिवाळे कुणीतरी कातत बसलं होतं. धाड घालणाऱ्यांची नावं राहिली, कातणाऱ्यांची राहिली नाहीत, हे मला सहन होत नाही खरं तर. आइसलँडमध्ये तर वाडमाल नावाचं लोकरी कापड हेच चलन झालं, दंड, कर्ज, किंमत सगळं हातभर कापडात मोजायचे. म्हणजे बायका घरात बसून अक्षरशः पैसा विणत होत्या. आणि कॅनडात न्यूफाउंडलंडला लान्स ओ मेडोज इथं 1960 मध्ये या लोकांची वस्ती सापडली तिथं टकळीची एक छोटी दगडी चकती निघाली, त्यावरूनच अंदाज बांधला गेला की अटलांटिक ओलांडून गेलेल्यात बायका पण होत्या.

वायकिंग बायका पूजा-विधी करायच्या का?
एक वाचक, पाचपाखाडी

हो, आणि त्यांचा दबदबा होता. व्होल्वा म्हणजे भविष्य सांगणारी, हातात काठी घेऊन गावोगाव फिरणारी बाई, दुष्काळ पडला की तिला मानाने बोलवायचे. ग्रीनलंडच्या थोरब्योर्गचं वर्णन सागामध्ये आहे, निळा झगा, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी आत पांढऱ्या मांजराच्या कातड्याचं अस्तर, पितळ लावलेली काठी. डेन्मार्कच्या फ्युरकाटला एका बाईच्या थडग्यात धातूची काठी आणि हेनबेन या विषारी, नशा आणणाऱ्या झाडाच्या बिया मिळाल्यात. पुरुषाने ही विद्या केली तर ते लाजिरवाणं मानत, तिथं तरी बाईचा हक्क वरचा होता.

आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की वायकिंग समाजात स्त्री-पुरुष पूर्ण समान होते, ख्रिश्चन धर्म आल्यावर बिघडलं. मी शिक्षिका आहे, मुलांना हे सांगू का?
एक वाचक, नेरुळ

नका सांगू. समान नव्हते. थिंग नावाची त्यांची सभा असायची तिथं न्यायनिवाडा व्हायचा, कायदे ठरायचे, त्यात बाई न्यायाधीश होऊ शकत नव्हती, गोडी म्हणजे प्रमुख म्हणून बसू शकत नव्हती, तिच्या वतीने नात्यातला पुरुष बोलायचा. मुलीचं लग्न बाप-भाऊ ठरवायचे. आइसलँडच्या कायद्यात तर बाईने पुरुषी कपडे घातले, केस कापले किंवा हत्यार बाळगलं तर हद्दपारीची शिक्षा लिहिलेली आहे. मालकाच्या गैरहजेरीत शेत, गुरं, कोठार, नोकर सगळं तीच बघायची आणि तिचा शब्द तिथं चालायचा हेही तितकंच खरं.

पण खरी दरी बाई आणि पुरुष यांच्यापेक्षा स्वतंत्र आणि गुलाम यांच्यात होती आणि हे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. धाडीत सोन्याबरोबर माणसं उचलायचे. आयर्लंड, स्कॉटलंड, पूर्वेचे स्लाव प्रदेश, तिथल्या बायका बाजारात विकल्या जायच्या. लाक्स्डेला सागामध्येच हॉस्कुल्ड नावाचा माणूस तीन मार्क चांदी देऊन एक मुलगी विकत घेतो, ती मुकी आहे असं सगळे समजतात, आणि एक दिवस ती आपल्या लहान मुलाशी ओढ्याकाठी बोलताना सापडते. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी मेलकोर्का. त्या सगळ्या काळात ती गप्प राहिली, तेवढंच तिच्या हातात होतं. आजच्या आइसलँडच्या लोकांचा डीएनए बघितला तर बापाकडची बाजू बहुतेक स्कँडिनेव्हियाची आणि आईकडची निम्म्याहून जास्त ब्रिटन-आयर्लंडकडची आहे. त्यातल्या काही लग्न करून आल्या असतील, पण सगळ्या राजीखुशीने आल्या नव्हत्या.

बगदादहून निघालेला प्रवासी इब्न फदलान 922 मध्ये व्होल्गा नदीवर एका रूस सरदाराचे अंत्यसंस्कार बघतो. सरदाराबरोबर कोण जाणार असं दासींना विचारतात, एक हो म्हणते, मग तिला दारू पाजतात, पुरुष तिच्यावर जबरदस्ती करतात आणि शेवटी एक म्हातारी बाई आणि काही पुरुष मिळून तिला मारतात, आणि जहाजासकट जाळतात. मारणारी बाई आहे आणि मरणारीही बाई. वर्गात हे कितवीच्या मुलांना आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवाल, पण गुडरुनने नवरा सोडला हे सांगताना त्या दासीला नाव पण नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका अशी माझी विनंती आहे. धर्म आल्यावर काही वाटा बंद झाल्या, घटस्फोट अवघड झाला हे बरोबर, पण नको असलेलं मूल, त्यात मुली आल्याच, उघड्यावर टाकून द्यायची चाल आणि हळूहळू गुलामीही त्यानंतरच थांबली. तेव्हा ‘आधी चांगलं होतं मग बिघडलं’ हे फार सोपं करून सांगणं झालं.

मुलगी तिसरीत आहे, शाळेच्या गॅदरिंगला फॅन्सी ड्रेसमध्ये वायकिंग व्हायचंय तिला. शिंगांचं हेल्मेट ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?
एक आई, घोडबंदर रोड

नका घेऊ, शिंगं वायकिंगांची नाहीतच. 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने कपडे बनवले तिथून ती चिकटली. नॉर्वेत येर्मुंडबूला खरं हेल्मेट मिळालंय ते साधं गोल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी, बस.

घरच्या घरी होईल असं सांगते. आत लांब बाह्यांचा साधा पांढरा झगा, त्यावर खांद्यावर पट्टे असलेला बिनबाह्यांचा झगा, निळा किंवा मातकट लाल. प्रत्येक पट्ट्यावर पुढून एक अशा दोन लंबगोल मोठ्या पिना, पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून होतील, आणि त्या दोन पिनांच्या मध्ये मण्यांच्या माळा. जांभळी नाक्याला केशरी काचेचे मणी मिळतात ते घ्या, बिर्काच्या थडग्यांमध्ये अकीकाचे तसेच केशरी मणी भरपूर निघालेत, पूर्वेकडून व्यापारात गेलेले. कमरेला एक चावी आणि छोटी कात्री लटकवा, कात्री पुठ्ठ्याचीच. तिला लढणारीच व्हायचं असेल तर झग्याऐवजी ढगळ पँट आणि गुडघ्यापर्यंत सदरा, आणि ढाल गोल करा, मधोमध एक वाटी उलटी चिकटवून. ढालीला मागे दंडात अडकवायचा पट्टा लावू नका, त्यांची मूठ मधोमध त्या वाटीच्या मागे असायची आणि ती हातात घट्ट धरायची, म्हणजे पुठ्ठा हलकाच घ्या नाहीतर स्टेजवर तिचा हात दुखेल.